श्रमदान की वेठ? : ‘एइयूदेन क्रॉनिकल : रायझिंग’ या नगरबांधणीच्या व्हिडिओ गेमचे समीक्षकांनी केलेले मूल्यमापन

सारांश

‘एइयूदेन क्रॉनिकल : रायझिंग’ हा जपानी व्हिडिओ गेम १० मे २०२२ रोजी प्रकाशित झाला. २०२४ मध्ये आलेल्या ‘एइयूदेन क्रॉनिकल : हंड्रेड हीरोज’ या मोठ्या गेमची ती पूर्वकथा होय. भूकंपाने खचलेले एक गाव पुन्हा उभे करणे हा तिचा विषय. समीक्षकांनी तिचे स्वागत संमिश्र केले. चित्रमयता, पात्रे आणि वाढत जाणारे गाव यांची प्रशंसा झाली, तर गावकऱ्यांसाठी घालावे लागणारे सततचे हेलपाटे हा सर्वांत मोठा दोष ठरला. हा आक्षेप रास्त असला तरी त्याची मीमांसा अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. गेमचे उणेपण कामांच्या पुनरावृत्तीत शोधण्याऐवजी खेळाडूच्या हाती निर्णय नसण्यात शोधले पाहिजे. ‘श्रमदान’ आणि ‘वेठ’ या दोन संकल्पनांच्या साह्याने, तसेच त्याच परंपरेतील अन्य गेमशी तुलना करून, हे प्रतिपादन येथे मांडले आहे.

बीजसंज्ञा : व्हिडिओ गेम, नगरबांधणी, पूर्वकथा, अपेक्षाक्षितिज, पुनरावृत्ती, निर्णयस्वातंत्र्य, सरासरी गुणांकन.

१. प्रास्ताविक

योहान हाउझिंगा यांनी १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळ हा संस्कृतीच्या मुळाशी असलेला व्यवहार आहे, असा विचार मांडला. पुढे १९९७ मध्ये एस्पेन आर्सेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ या ग्रंथात, वाचकाच्या प्रत्यक्ष प्रयत्नावाचून पुढे न सरकणाऱ्या संहितांचा स्वतंत्र विचार केला. या दोन टप्प्यांनंतर व्हिडिओ गेमकडे गंभीरपणे पाहण्यास विद्यापीठीय क्षेत्रात फारसा संकोच उरलेला नाही. तथापि गेमची जी समीक्षा प्रत्यक्षात लिहिली जाते, वाचली जाते आणि गेमचे भवितव्य ज्यावर अवलंबून असते, त्या समीक्षेची तपासणी त्यामानाने थोडी होते.

मराठीत ‘परीक्षण’ आणि ‘समीक्षा’ हे दोन शब्द आपण वेगळ्या अर्थांनी वापरतो. परीक्षण हे नव्या कृतीची ओळख करून देते आणि ती घ्यावी की न घ्यावी, याविषयी सल्ला देते. समीक्षा त्या कृतीच्या घडणीचा आणि मूल्याचा विचार करते. व्हिडिओ गेमच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी बहुधा एकाच लेखात, एकाच लेखकाकडून आणि प्रकाशनाच्या दिवशीच केल्या जातात. त्यामुळे सल्ल्याचे निकष मूल्यमापनाचे निकष होऊन बसतात. ‘रायझिंग’च्या बाबतीत नेमके हेच घडले.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, ‘रायझिंग’विषयीच्या समीक्षेतील मुख्य सूर नोंदवणे. दुसरे, पूर्वकथा म्हणून आलेल्या कृतीचे मूल्यमापन कोणत्या अपेक्षांच्या चौकटीत झाले, ते पाहणे. तिसरे, ‘कामे कंटाळवाणी आहेत’ या आक्षेपाचा अर्थ तुलनेच्या आधारे निश्चित करणे. विवेचनाची पद्धती विश्लेषणात्मक व तौलनिक आहे.

२. कृतीचा परिचय व पार्श्वभूमी

या गेमचे मूळ ‘सुइकोदेन’ या मालिकेत आहे. योशिताका मुरायामा यांच्या पुढाकाराने कोनामी या जपानी कंपनीने ‘सुइकोदेन’चा पहिला भाग १९९५ मध्ये आणि दुसरा १९९८ मध्ये प्रकाशित केला. ‘शुइ हू जुआन’ या चिनी अभिजात कादंबरीतील १०८ वीरांच्या कल्पनेवर ही मालिका आधारलेली आहे. नायक एकेक माणूस जोडत जातो आणि माणसे जोडली जातील तसा त्याचा ओसाड किल्ला नांदता होत जातो. कोणी दुकान थाटतो, कोणी स्वयंपाकघर सांभाळतो. गेममधील वस्ती ही माणसांच्या येण्याने वाढते, हा विचार या मालिकेने रूढ केला.

मुरायामा यांनी कोनामी सोडल्यानंतर अनेक वर्षांनी आपल्या जुन्या सहकाऱ्यांसह ‘रॅबिट अँड बेअर स्टुडिओज’ ही संस्था उभी केली आणि जुलै २०२० मध्ये ‘किकस्टार्टर’ या माध्यमातून लोकवर्गणीचे आवाहन केले. महिनाभरात ४६ हजारांहून अधिक लोकांनी सुमारे ४५ लाख अमेरिकन डॉलर दिले. मूळ लक्ष्य ओलांडले की पुढची आश्वासने द्यायची, अशी या पद्धतीची रीत असते. त्या वाढीव आश्वासनांपैकी एक होते मुख्य गेमच्या आधी येणाऱ्या, नगरबांधणी व झुंज यांचा मेळ असणाऱ्या छोट्या सोबती-गेमचे. ‘रायझिंग’ ही त्या आश्वासनाची पूर्तता होय. तिची निर्मिती ‘नात्सुमे अटारी’ या जपानी कंपनीने केली आणि ‘५०५ गेम्स’ने ती प्रकाशित केली. तिची किंमत पूर्ण आकाराच्या गेमच्या मानाने बरीच कमी, सुमारे १५ डॉलर, ठेवण्यात आली होती.

कथानक साधे आहे. सीजे ही खजिना शोधणारी तरुणी घराण्याच्या रिवाजानुसार एक मोठी रून-लेन्स, म्हणजे जादूची शक्ती असलेले भिंग, मिळवण्यासाठी न्यू नेवा या खाणीच्या गावी येते. भूकंपाने गावाची वाताहत झालेली आहे. मात्र त्याच सुमारास उजेडात आलेल्या प्राचीन अवशेषांमुळे दूरदूरचे खजिनाशोधक गावाकडे धाव घेत आहेत. त्या अवशेषांत मोकळेपणी उतरायचे तर परवाना हवा. गावाच्या प्रभारी नगराध्यक्ष इशा यांच्या व्यवस्थेनुसार त्यासाठी गावकऱ्यांची कामे करायची आणि प्रत्येक कामाबद्दल आपल्या पत्रिकेवर एक शिक्का मिळवायचा. सीजे, कांगारूसारखा दिसणारा भाडोत्री योद्धा गारू आणि स्वतः इशा, अशा तीन पात्रांना खेळाडू आलटून पालटून चालवतो. रानातून लाकूड, खाणीतून दगड आणावेत, ते गावकऱ्याला पोचवावेत, त्यातून खानावळ, दुकान, शस्त्रकाराची शाळा उभी राहावी, तेथे आयुधे सुधारून घ्यावीत आणि पुन्हा अवशेषांत उतरावे, असे हे चक्र आहे.

३. समीक्षेतील दोन सूर

‘रायझिंग’विषयीच्या परीक्षणांत दोन सूर ठळकपणे ऐकू येतात आणि पुष्कळदा ते एकाच लेखात शेजारी शेजारी असतात.

पहिला सूर कौतुकाचा आहे. हाताने रंगवल्यासारखी द्विमितीय पात्रे आणि त्यांच्यामागील खोली असलेली त्रिमितीय पार्श्वभूमी यांचा मेळ बहुतेकांना भावला. सीजेचा उत्साह, गारूचा कोरडा विनोद आणि इशाचा आखडूपणा यांतून उमटणारे संवाद खुसखुशीत आहेत, हेही मान्य झाले. तीन पात्रांचे प्रहार एकाला एक जोडून साखळी-हल्ला करण्याची सोय, तसेच डोळ्यांदेखत भरत जाणारे गाव, यांचीही दखल घेतली गेली.

दुसरा सूर तक्रारीचा आहे. गावकऱ्यांची कामे एकाच साच्याची आहेत: अमुक वस्तू आणा, तमुक माणसाला भेटा, परत येऊन सांगा. त्यासाठी त्याच रानात आणि त्याच खाणीत पुनःपुन्हा जावे लागते. कामे दीर्घकाळ तशीच राहतात, झुंजीत आव्हान कमी आहे आणि साखळी-हल्ल्याची गंमत थोड्या वेळात ओसरते. अनेकांच्या मते मुख्य गेमची वाट पाहणाऱ्यांनी ‘रायझिंग’ जरूर पाहावी, इतरांनी मात्र ती पाहिलीच पाहिजे असे नाही.

या दोन्ही सुरांत तथ्य आहे. परंतु ते एकमेकांशी जोडून पाहिलेले क्वचितच आढळतात. ज्या वाढत्या गावाचे कौतुक होते, ते गाव त्याच हेलपाट्यांतून वाढते. फळ गोड आणि झाड कडू असे म्हणताना, या झाडाला तेच फळ कसे लागले, हा प्रश्न विचारला जात नाही. समीक्षेचे खरे काम त्या प्रश्नापाशी सुरू होते.

४. पूर्वकथा : स्वतंत्र कृती की उंबरठा?

हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कोन्स्टान्झ विद्यापीठातील व्याख्यानात साहित्याच्या इतिहासाचा विचार वाचकाच्या बाजूने मांडला आणि ‘अपेक्षाक्षितिज’ ही संकल्पना पुढे आणली. वाचक रिकाम्या मनाने कृतीकडे येत नाही; आधीच्या वाचनातून घडलेल्या अपेक्षा तो बरोबर आणतो आणि कृतीचे मूल्य त्या अपेक्षांशी तिच्या असलेल्या अंतरातून त्याला प्रतीत होते. ‘रायझिंग’च्या बाबतीत हे क्षितिज फार उंच होते. ‘सुइकोदेन’ची आठवण, लोकवर्गणीतून आलेली भावनिक गुंतवणूक आणि मुरायामा यांच्या पुनरागमनाविषयीची उत्सुकता, हे सारे एका लहानशा गेमच्या वाट्याला आले. शिवाय ‘सुइकोदेन’मधील झुंज पाळीपाळीने चालणारी, तर ‘रायझिंग’मधील झुंज तात्काळ बटणे दाबण्याची. म्हणजे अपेक्षा एका प्रकाराची आणि कृती दुसऱ्या प्रकारची, असा पेच प्रारंभापासूनच होता.

जेरार जेनेत यांनी १९८७ मधील आपल्या ग्रंथाला ‘उंबरठे’ या अर्थाचे नाव दिले. प्रस्तावना, मुखपृष्ठ, शीर्षक यांसारख्या गोष्टी वाचकाला ग्रंथात नेणाऱ्या उंबरठ्यासारख्या असतात, असे त्यांचे विवेचन आहे. पूर्वकथेचे स्थान याच्या जवळपासचे, पण अधिक अवघड आहे. ती स्वतःही एक घर असते आणि दुसऱ्या घराचा उंबरठाही. ‘रायझिंग’ खेळलेल्यांना मुख्य गेममध्ये काही लाभ देण्याची सोय ठेवलेली होती आणि सीजे, गारू व इशा ही तिन्ही पात्रे पुढे ‘हंड्रेड हीरोज’मध्येही भेटतात. प्रकाशकाने ती उंबरठा म्हणून मांडली. परीक्षकांनी मात्र पुष्कळ अंशी तिला स्वतंत्र घर म्हणून मोजले.

येथे एक समांतर उदाहरण उपयुक्त ठरते. कोजी इगाराशी यांच्या ‘ब्लडस्टेन्ड : रिच्युअल ऑफ द नाइट’ या गेमसाठीही २०१५ मध्ये लोकवर्गणी झाली होती आणि तेथेही पूर्वकथेचे वाढीव आश्वासन होते. त्यातून २०१८ मध्ये ‘कर्स ऑफ द मून’ हा जुन्या ८-बिट शैलीचा छोटा गेम आला आणि त्याचे चांगले स्वागत झाले. तो यशस्वी होण्याचे एक कारण असे की, त्याने आपली मर्यादा पहिल्याच दृश्यात सांगितली. जुन्या शैलीचे रूप पाहताच खेळाडूच्या अपेक्षा त्या मापाच्या झाल्या. ‘रायझिंग’चे रूप मात्र आधुनिक आणि देखणे आहे, ते मोठ्या गेमचे आश्वासन देते आणि आतील यंत्रणा छोट्या गेमची निघते. दिसणे आणि असणे यांतील हे अंतर परीक्षकांच्या निराशेचे एक कारण आहे. ते त्यांच्या पूर्वग्रहातून आलेले नाही, कृतीच्या घडणीतूनच आलेले आहे.

५. हेलपाट्यांचा अर्थ

आता मुख्य आक्षेपाकडे वळता येईल. पुनरावृत्ती हा स्वतःच दोष आहे काय? ओवी, भजन, दळण, विणकाम यांत पुनरावृत्ती असते आणि तिच्यातूनच लय निर्माण होते. व्हिडिओ गेममध्ये तर पुनरावृत्ती हा माध्यमाचा पायाच आहे. निक यी यांनी २००६ मध्ये दाखवून दिले होते की, ऑनलाइन गेममध्ये लोक अनेकदा नोकरीसारखीच कामे करतात आणि त्यांसाठी स्वखुशीने वेळ देतात. म्हणजे कामाचे काम असणे एवढ्यानेच कंटाळा येतो, असे म्हणता येत नाही.

इयन बोगोस्ट यांनी २००७ मध्ये ‘पर्स्वेझिव्ह गेम्स’ या ग्रंथात असे मांडले की, गेम आपले म्हणणे प्रामुख्याने नियमांतून मांडतो. खेळाडूला काय करता येते, काय करता येत नाही आणि कशाचे काय फळ मिळते, यातून गेमचा विचार व्यक्त होतो. या दृष्टीने ‘रायझिंग’चे नियम वाचले तर त्यांत एक सुसंगत विचार सापडतो. खजिन्यासाठी आलेल्या उपऱ्या व्यक्तीला गावात स्थान हवे असेल तर तिने आधी गावाच्या उपयोगी पडले पाहिजे. शिक्क्यांची पत्रिका हा गावाने घेतलेला चारित्र्याचा दाखलाच आहे. सीजे हळूहळू खजिना विसरून गावात गुंतते, हे कथानक संवादांतून जितके सांगितले जाते तितकेच हेलपाट्यांतूनही सांगितले जाते. तेव्हा हेलपाटे हे या गेमच्या आशयाला चिकटवलेले ठिगळ आहे, हे म्हणणे टिकत नाही. त्यांना या कृतीत जागा आहे.

मग कंटाळा येतो तो का? येथे मराठीतील दोन शब्द उपयोगी पडतात. गावाचा रस्ता करण्यासाठी माणसे स्वेच्छेने राबतात त्याला आपण ‘श्रमदान’ म्हणतो. तेच काम हुकमाने करावे लागले की ती ‘वेठ’ होते. दोन्हींत फावडे तेच, घमेले तेच, घामही तोच. फरक एवढाच की, श्रमदान करणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याचा आणि ‘रस्ता इकडून न्यावा की तिकडून’ हे बोलण्याचा अधिकार असतो. ‘रायझिंग’ला सीजेचे श्रमदान दाखवायचे आहे, पण खेळाडूच्या वाट्याला वेठ येते. मुख्य कथानकातील कामे टाळता येत नाहीत. खानावळ आधी उभारावी की शस्त्रकाराचे दुकान, हा विचार खेळाडूला करावा लागत नाही. कथानक ते ठरवते. इमारत कोठे असावी, हेही ठरलेले असते. एखाद्याचे काम केल्याने दुसऱ्याचे राहून गेले, असे कधी होत नाही. गाव वाढते, परंतु ते खेळाडूच्या हातून निराळे वाढू शकत नाही. ज्यांनी ज्यांनी हा गेम पूर्ण केला, त्या सर्वांचे न्यू नेवा जवळपास सारखेच दिसते.

‘घर पाहावे बांधून’ असे आपण म्हणतो, कारण घर बांधताना माणसाला पावलोपावली ठरवावे लागते आणि प्रत्येक ठरवण्याची किंमत मोजावी लागते. गवंड्याला विटा पोचवणारा मजूरही घर बांधण्यात सहभागी असतो, पण घर बांधल्याचा अनुभव त्याचा नसतो. ‘रायझिंग’मधील खेळाडू हा त्या मजुरासारखा आहे. त्याला सांगकाम्याची भूमिका दिलेली आहे आणि तीच कर्त्याची भूमिका आहे, असे गेम त्याला सांगत राहतो. परीक्षकांना जाणवलेला कंटाळा मुख्यत्वे या विसंगतीतून उद्भवतो. त्यांनी तो हेलपाट्यांच्या संख्येवर टाकला. संख्या निम्मी केली असती तर गेम लवकर संपला असता, पण वेठ ही वेठच राहिली असती.

यावर एक प्रत्याक्षेप संभवतो. मिगेल सिकार्त यांनी २०११ मध्ये, केवळ नियमांतून अर्थ काढण्याच्या पद्धतीवर टीका केली आणि खेळणाऱ्याचे प्रत्यक्ष खेळणे हेच अर्थाचे ठिकाण असल्याचे प्रतिपादन केले. ते मान्य केल्यास, एखादा खेळाडू दिवसभराच्या श्रमानंतर काहीही न ठरवता गावकऱ्यांची कामे करण्यात विश्रांती अनुभवत असेल, तर त्याचा अनुभव खोटा म्हणता येणार नाही. हा प्रत्याक्षेप महत्त्वाचा आहे, कारण परीक्षकांच्या निष्कर्षाची एक अदृश्य अट त्यातून लक्षात येते. परीक्षकाला ठरावीक मुदतीत गेम संपवून लेख द्यायचा असतो. मासिकात क्रमशः येणारी कादंबरी महिन्याला एक प्रकरण याप्रमाणे वाचणारा आणि तीच कादंबरी पुस्तकरूपात दोन बैठकींत संपवणारा, यांना पुनरुक्ती सारखी जाणवत नाही. ‘रायझिंग’ची छोटी छोटी कामे रोज अर्धा तास खेळणाऱ्याच्या सोयीची आहेत. परीक्षकांचे वाचन हे दोन बैठकींतले वाचन होते. तरीही निर्णयाच्या अभावाचा आक्षेप यामुळे मिटत नाही. सावकाश खेळणाऱ्याला तो उशिरा जाणवेल, एवढेच.

६. तौलनिक विचार

झुंज आणि नगरबांधणी यांचा मेळ घालणारे गेम पूर्वीही झाले आहेत. त्यांतील दोहोंशी तुलना केल्यास वरील मुद्दा अधिक स्पष्ट होतो.

‘ॲक्टरेझर’ हा क्विंटेट कंपनीचा गेम १९९० मध्ये आला. त्यात खेळाडू एका देवतेच्या भूमिकेत असतो. तो आधी खाली उतरून राक्षसांशी लढतो आणि नंतर वरून लोकांना वस्ती कोणत्या दिशेने वाढवावी, हे सांगतो. झाडी जाळण्यासाठी वीज पाडावी की पाऊस पाडावा, हेही त्याच्या हाती असते. लोकसंख्या वाढली की देवतेची शक्ती वाढते. निर्णय मोजकेच आहेत, परंतु वस्तीचा नकाशा खेळाडूच्या इच्छेने आकार घेतो. १९९३ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागातून नगरबांधणी काढून टाकण्यात आली आणि केवळ झुंज उरली. पहिल्या भागाचे वेगळेपण त्यामुळे हरवले, अशी तक्रार तेव्हापासून होत आली आहे. नगरबांधणी झुंजीला काय देते, हे या उदाहरणावरून कळते. लढाई कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर ती देते.

लेव्हल-५ या कंपनीच्या २००० मधील ‘डार्क क्लाउड’मध्ये उद्ध्वस्त गावांचे तुकडे भुयारांत विखुरलेले असतात. खेळाडू ते शोधून आणतो, म्हणजे येथेही हेलपाटे आहेतच. किंबहुना ते ‘रायझिंग’इतकेच एकसुरी आहेत. मात्र आणलेले घर कोठे मांडायचे, हे खेळाडू ठरवतो आणि तेथेच गावकरी बोलू लागतात. कोणाला विशिष्ट शेजार हवा असतो, कोणाला पाण्याजवळचे घर हवे असते. सर्वांच्या इच्छा एकाच नकाशात बसवताना खेळाडूला गावाचा विचार करावा लागतो. भुयारातील कंटाळवाणी फेरी या मांडणीमुळे सहन होते, कारण त्या फेरीतून आलेल्या वस्तूचे काय करायचे हा प्रश्न आपला असतो.

‘सुइकोदेन’मधील किल्ल्याची वाढही पुष्कळशी ठरलेलीच आहे; तेथे इमारत कोठे उभारावी, हे खेळाडू ठरवत नाही. परंतु कोणाला जोडायचे आणि कोण निसटून जाईल, हे त्याच्या चिकाटीवर अवलंबून असते. एखादा वीर कायमचा हुकू शकतो. त्यामुळे किल्ल्यातील प्रत्येक माणूस हा केलेल्या प्रयत्नाची खूण ठरतो. ‘रायझिंग’ने आपल्या पूर्वज-कृतीतून वाढत्या वस्तीचे दृश्य घेतले, त्यामागील हुकण्याची शक्यता घेतली नाही.

या तुलनेतून असे दिसते की, या प्रकारच्या गेममध्ये हेलपाटे अपरिहार्य आहेत आणि ते सर्वत्र एकसुरी आहेत. कृती तरते किंवा बुडते ती हेलपाट्यानंतरच्या क्षणी, खेळाडूला काही ठरवायचे असते की नसते, त्यावर.

७. सरासरीचा प्रश्न

‘रायझिंग’विषयी अनेकांच्या कानी पडले ते एवढेच की, तिला ‘संमिश्र अथवा मध्यम’ प्रतिसाद मिळाला. हा शब्दप्रयोग ‘मेटाक्रिटिक’ या २००१ पासून चालू असलेल्या संकलन-संस्थेचा आहे. विविध परीक्षणांतील गुणांची ती भारित सरासरी काढते. कोणत्या प्रकाशनाला किती भार दिला, हे ती जाहीर करत नाही. गेमच्या बाबतीत ५० ते ७४ या दरम्यानच्या सरासरीला ती ‘संमिश्र अथवा मध्यम’ म्हणते.

‘संमिश्र’ आणि ‘मध्यम’ हे दोन शब्द समानार्थी नाहीत. आपण अध्यापक मंडळी गुणपत्रिकेच्या व्यवहारातून हे चांगले जाणतो. सर्व विषयांत साठ गुण मिळवणारा विद्यार्थी आणि एका विषयात नव्वद व दुसऱ्यात तीस मिळवणारा विद्यार्थी यांची सरासरी सारखीच येते. पहिला मध्यम आहे, दुसरा संमिश्र. पहिल्याला सर्वसाधारण मार्गदर्शन पुरेल. दुसऱ्याला कशाने अडवले आहे, ते शोधावे लागेल. ‘रायझिंग’ ही दुसऱ्या प्रकारची कृती आहे. दृश्यरचना, पात्रे आणि मध्यवर्ती कल्पना यांत ती सरस आहे. खेळाडूच्या कर्तेपणात ती फार तोकडी पडते. सरासरीने हे दोन्ही पुसले जाते आणि उरते ती ‘ठीकठाक’ असल्याची बातमी.

याचा परिणाम केवळ वाचकांवर होत नाही. ‘रायझिंग’सारखी कृती ही मोठ्या कृतीची चाचणीही असते. हेलपाटे कमी करा, असा सल्ला निर्मात्यांना मिळाला तर ते हेलपाटे कमी करतील. निर्णय वाढवा, असा सल्ला मिळाला तर कृतीचा पाया बदलेल. परीक्षणांनी पहिला सल्ला मोठ्या आवाजात दिला, दुसरा जवळजवळ दिलाच नाही. ‘हंड्रेड हीरोज’ २३ एप्रिल २०२४ रोजी प्रकाशित झाला. त्यापूर्वी, ६ फेब्रुवारी २०२४ रोजी, मुरायामा यांचे निधन झाले. मुख्य गेम लोकांच्या हाती पडलेला त्यांना पाहता आला नाही. या मालिकेवर झालेली जी व्यापक समीक्षा त्यांना आपल्या हयातीत वाचता आली, ती ‘रायझिंग’वरचीच होती. एका लेखकाच्या पुनरागमनाला मिळालेला पहिला प्रतिसाद म्हणून तरी ती समीक्षा अधिक नेमकी असावयास हवी होती.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ‘रायझिंग’ला मिळालेला संमिश्र प्रतिसाद अन्याय्य नाही. परीक्षकांनी जाणवलेला कंटाळा प्रामाणिकपणे नोंदवला. मात्र त्याचे निदान करताना त्यांनी लक्षणालाच रोग मानले.

२) गावकऱ्यांसाठी घातलेले हेलपाटे हे या कृतीच्या आशयाशी सुसंगत आहेत. उपऱ्याने सेवेतून गावात स्थान मिळवावे, हा विचार त्यांतूनच साकार होतो. तथापि नकार, क्रम, स्थान आणि परिणाम यांपैकी कोणताही निर्णय खेळाडूकडे नसल्यामुळे अभिप्रेत श्रमदानाचे रूपांतर वेठीत होते.

३) ‘ॲक्टरेझर’, ‘डार्क क्लाउड’ आणि ‘सुइकोदेन’ यांच्याशी केलेल्या तुलनेतून असे दिसते की, नगरबांधणीच्या गेमचे मूल्य कामाच्या विविधतेपेक्षा कामानंतरच्या निर्णयावर अधिक अवलंबून असते. हा निकष या प्रकारातील अन्य कृतींनाही लावून पाहण्याजोगा आहे.

४) पूर्वकथेचे मूल्यमापन करताना ती स्वतंत्र कृती आणि उंबरठा अशा दोन्ही नात्यांनी तपासली पाहिजे. स्वरूप आणि आवाका यांत मेळ नसेल तर अपेक्षाभंगाची जबाबदारी कृतीवरही येते.

५) सरासरी गुणांकन ‘संमिश्र’ व ‘मध्यम’ यांतील भेद पुसून टाकते. व्हिडिओ गेमवर प्रकल्प किंवा शोधनिबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला अशा अंकाचा पुरावा म्हणून वापर करू देण्यापूर्वी, त्यामागील परीक्षणे मुळातून वाचावयास लावणे हे मार्गदर्शकाचे कर्तव्य ठरते. गेम स्वतः खेळून पाहणे हा त्याच अभ्यासाचा पहिला भाग होय. संहिता न वाचता लिहिलेली समीक्षा आपण साहित्यात स्वीकारत नाही, ती येथेही स्वीकारण्याचे कारण नाही.